पाकीट, भोपळा आणि ऑगस्टची फी

पत्र

सलाम. मी नेवासा तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मिस्टर वारले, मुलगा पुण्यात नोकरीला. पेन्शन ३२ हजार, त्यातला दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, दर महिन्याला मंडळीत देते, कधी चुकवला नाही. आमच्याकडे सहा वर्षांपासून कॉलेजच्या मुलांसाठी शिक्षण निधी आहे. हंगामाच्या सणाला लोक अर्पण म्हणून शेतातलं, घरचं काही आणतात, त्याच्या लिलावाचे पैसे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारची वेगळी थैली त्यात जाते. गेल्या वर्षी मीच एक भोपळा ७०० रुपयांना घेतला. सगळे मिळून ४६ हजार जमले. नाताळच्या कार्यक्रमात चार मुलांना ५-५ हजारांची पाकिटं दिली, हार घातले, फोटो काढले. उरलेले पुढच्या वर्षासाठी ठेवले. त्या चौघांतला पॉलिटेक्निकचा मुलगा तेव्हापासून उपासनेला यायचाच बंद झाला. आता कमिटीत ठराव आलाय: शिष्यवृत्ती हवी तर वर्षात ४० रविवारची हजेरी, पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) सहीनिशी. आणि त्या मुलाकडून पैसे परत मागायचे. त्यातच माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिच्या फीचे १८ हजार ऑगस्टअखेर भरायचेत. कमिटी म्हणते, डिसेंबरात बघू. माझा मुलगा म्हणतो, कमिटीला कशाला, दशमांश थेट तिलाच दे. पण दशमांश आपल्या हाताने वाटायचा मला अधिकार आहे का? शिवाय न्यू जर्सीतला भाचा निधीला लाखभर रुपये पाठवायचं म्हणतो, ते घ्यावेत का? कमिटीत मी एकटी बाई. बोलते, पण ऐकतं कोण?

उत्तर

बाई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन एक वजाबाकी केली. ४६ हजार जमले, २० हजार वाटले. म्हणजे २६ हजार रुपये बँकेत पडून आहेत. मुलीला हवेत १८. तुम्ही दशमांशाच्या प्रश्नावर रात्री जागताय आणि तिची फी भरून वर ८ हजार उरतील इतके पैसे मंडळीच्या पासबुकात आधीच आहेत. ते दिलेही तिच्यासारख्यांसाठीच आहेत, त्यात तुमच्या भोपळ्याचे ७०० धरून.

म्हणून आधी ऑगस्ट. मंडळीतली बाकीची भांडणं सहा वर्षं चाललीत, आणखी दोन महिने चालतील. कॉलेजच्या खिडकीतला क्लार्क थांबत नाही. पुढच्या मीटिंगला तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या. मुलीकडून फीची नोटीस आणि बोनाफाईड मागवा, त्याला जोडा, आणि अर्जात एकच ओळ ठेवा: शिल्लक रकमेतून इतके रुपये, कॉलेजच्या खात्यावर, अमुक तारखेच्या आत. लेखी अर्ज आला की सेक्रेटरीला तो इतिवृत्तात घ्यावा लागतो आणि नाही म्हणायचं तर नाही असं लिहावं लागतं. आपल्याकडे तोंडी नाही म्हणणारे पुष्कळ असतात. लिहून नाही म्हणणारे फार थोडे. एकीकडे तिला कॉलेजात हप्त्यांसाठी अर्ज करायला सांगा. बरीच कॉलेजं दोन हप्ते करून देतात, पण न मागता कोणी देत नाही.

कोणीतरी म्हणेल, बाकीच्यांना पाच आणि हिला एकदम अठरा? म्हणू द्या. सगळ्यांना सारखे ५ हजार ही कमिटीची सोय आहे, कोणाच्या नजरेत यायला नको म्हणून केलेली. नगरला बी.ए. करणाऱ्या मुलाची वर्षाची फी कधी कधी पाच हजारांत भागते, आणि नर्सिंगवालीचे पाच हजार युनिफॉर्म, मेस आणि परीक्षेच्या फॉर्मातच संपतात. चार जणांना सारखी भाकरी वाढताना भूकही सारखी आहे का, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

आता दशमांश. मी पाळक नाही, त्यामुळे माझं म्हणणं पाळकाचं म्हणून घेऊ नका. सगळा दशमांश भांडारात आणा, हे बायबलमधल्या मलाखीचं वचन तुम्ही व्यासपीठावरून शेकडो वेळा ऐकलं असेल. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय तितक्यांदा ऐकला नसेल. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे गरजूच्या ताटात गेलेला दशमांश देवाच्या हिशेबात चुकलेला धरत नाहीत. तरीही तुमच्या मुलाचा सल्ला मी जसाच्या तसा घेणार नाही. पाळकसाहेबांचा पगार, लाइटबिल, छपराची डागडुजी, सगळं त्या ३२०० रुपयांसारख्या रकमांवरच चालतं. तुमच्यासारख्या नेमाने देणाऱ्या दहा जणींनी हात काढून घेतला तर निधीच काय, मंडळीच उभी राहायची नाही. दुसरं, तुम्ही थेट दिलेत की ती मुलगी तुमची मिंधी होते. तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी. मंडळीने कॉलेजात भरलेल्या पैशाला चेहरा नसतो, आणि त्यातच त्याचं मोल आहे.

कमिटीने अगदीच दार लावलं, तर तीन महिन्यांचा दशमांश, ९६०० होतात, पहिला हप्ता म्हणून कॉलेजच्या खात्यावर भरा, पावती तिच्या नावाची घ्या आणि पाळकसाहेबांना आधी सांगून मग भरा. चोरून नको. चोरून दिलेलं चांगलं काम आपल्या मंडळ्यांमध्ये आठवडाभरात भानगड होतं.

पाकिटांविषयी मला जरा जास्त बोलायचंय. माझं स्वतःचं नाव त्या यादीत होतं.

१९७९ ची गोष्ट. मी एफ.वाय.बी.कॉम.ला, आमच्या मंडळीने मला ७५ रुपये मंजूर केले. मंडळीचं नाव सांगत नाही. हंगामाच्या सणाला लिंबाखाली टेबल मांडलेलं, त्यावर बाजरीची कणसं, दोन भोपळे, अंड्यांची पाटी, खाली पाय बांधलेला कोंबडा. सेक्रेटरी लिलाव बोलत होते, एकवार, दोनवार. भोपळा गेला आणि कोंबडा यायचा होता, त्या मधल्या वेळात त्यांनी मला पुढे बोलावलं. टेबलापाशी उभं केलं आणि सांगितलं, याचे वडील आजारी असतात, घरात कमावतं कोणी नाही, मंडळीने याचा भार उचललाय. वडील तिसऱ्या रांगेत सतरंजीवर बसले होते. ते आपल्या पायांकडे बघत राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "याची बोली कितीपासून?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर चार वर्षं मी त्या मंडळीत पाऊल टाकलं नाही. दर रविवारी परीक्षा असायची.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्या ७५ मधले २५ त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले होते, हे मला त्यांच्या मातीला गेलो तेव्हा कळलं. माणूस देणारा होता, फक्त देताना सगळ्यांनी बघावं असं त्याला वाटायचं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे आपण लहानपणापासून घोकतो आणि मग मुलाच्या गळ्यात हार घालून फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपवर त्याच्या वर्गातली पोरंही असतात.

तुमच्या पॉलिटेक्निकवाल्याने उपासना का सोडली, हे मला माहीत नाही. कदाचित रविवारी कामाला जात असेल, कदाचित विश्वासच उडाला असेल, त्या वयात उडतो. पण ५ हजार घेऊन पळाला, या निष्कर्षावर कमिटी ज्या वेगाने आली तो वेग मला ओळखीचा वाटतो. पैसे परत मागायचा ठराव तर कृपा करून हाणून पाडा. दिलेलं अर्पण परत मागणारी मंडळी उद्या कोणत्या तोंडाने थैली फिरवणार?

आणि ४० रविवार. यावर मला रमाबाईंची आठवण झाली, ती अशी. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, इथल्या विधवा मुलींच्या शिक्षणासाठी तिथे ठिकठिकाणी बोलल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या लोकांनी एकदाच मोठी थैली देऊन हात झटकले नाहीत. गावोगावी रमाबाई सर्कल निघाली आणि एकेक सभासद वर्षाला एक डॉलर, अशी दहा वर्षं द्यायला बांधला गेला. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत या मुलींसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलींनी आपापले धर्माचार पाळावेत अशी तिथे मुभा होती. तरी मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. चूक कोणाची, यावर अजून वाद घालता येईल. पण शिक्षणाच्या आडून धर्म, हा आरोप तेव्हापासून आपल्या पाठीला चिकटलाय, आणि तो खोटा आहे असं सांगण्यात आपल्या चार-पाच पिढ्या गेल्या. आता तुमची कमिटी स्वतःच्या हाताने, पाळकांच्या सहीनिशी, हजेरीचं रजिस्टर ठेवणार. फीच्या बदल्यात उपासना, असं कागदावर आजवर कोणी विरोधकानेही सिद्ध केलं नसेल.

अट घालायचीच तर अभ्यासाची घाला. वर्ष सुटलं का, एटीकेटी असेल तर किती विषयांत, फीची पावती दाखवली का. नापास झाला तर एकदा बोलवा, कारण ऐका, दुसऱ्यांदा थांबवा. एवढं पुरे.

रमाबाईंच्या गोष्टीत मला त्या भांडणापेक्षा डॉलर जास्त कामाचा वाटतो. तुमच्या निधीचं खरं दुखणं तिथे आहे. दरवर्षी लिलावात काय निघतं त्यावर तुम्ही मुलं ठरवता, आणि तेही डिसेंबरात, जेव्हा प्रवेश होऊन सहा महिने झालेले असतात. जूनमध्ये मुलगी घरी बसली तर डिसेंबरच्या पाकिटाने ती कॉलेजात जात नाही. पदवी तीन वर्षांची, नर्सिंग चार वर्षांचं. मुलाला पहिल्या वर्षी आधार देऊन दुसऱ्या वर्षी लिलाव पडला म्हणून सोडून देणं हे न देण्याहून वाईट. वीस घरांनी महिना १०० रुपये असे चार वर्षं द्यायचं कबूल केलं, तर वर्षाचे २४ हजार होतात आणि नर्सिंगच्या एका मुलीला पहिल्या दिवशीच सांगता येतं की शेवटपर्यंत तुझी फी आमच्याकडे. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, त्याला बुहफाई थम म्हणतात. त्या मुठींवर तिथलं केवढं तरी काम चालतं. आपल्याकडे मात्र कोंबड्यावर बोली चढवताना हजार रुपये निघतात आणि महिन्याचे शंभर म्हटले की घसा कोरडा पडतो. लिलाव बंद करा असं मी म्हणत नाही. त्यात मजा आहे. फक्त फी त्याच्यावर टांगू नका.

कमिटीतले काही जण म्हणतील की सरकारच्या एवढ्या योजना असताना मंडळीने कशाला? त्यांना सांगा की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले बाहेरच राहिले. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या कोणत्या वस्त्यांमधून उभ्या राहिल्या हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारच्या घरातल्या मुलाला ज्या जातीवर फ्रीशिप मिळते, तीच जात असून आपल्या पोराला मिळत नाही. हे भोक कोणीतरी बुजवायला पाहिजे, आणि तुमचा निधी त्यातलं बोटभर बुजवतो.

मात्र मिळण्यासारखं असतं तेही आपण सोडतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्काची योजना आहे, कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की खुल्या गटातल्या मुलालाही अर्ज करता येतो. ओबीसीत बसणाऱ्यांच्या वेगळ्या आहेत. फॉर्म का भरला नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं: उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही, आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, ओटीपी वडिलांच्या फोनवर आला आणि वडील शेतात होते. कमिटीत पाकीट द्यायला दहा हात पुढे येतात, फॉर्म भरायला एक नाही. बाई, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं शिष्यवृत्तीचे कागद जोडलेत. जून-जुलैत उपासनेनंतर तासभर लॅपटॉप घेऊन बसलात तर निधीत ४६ हजार असोत की नसोत, दोन-तीन मुलांची अर्धी फी तिथेच सुटेल. तुमच्या दशमांशाहून हे मोठं दान होईल, असं मला वाटतं.

कमिटीपुढे ठेवायच्या गोष्टी मी मुद्दाम थोड्याच ठेवतो, कारण एकट्या बाईने दहा मागण्या नेल्या की दहाही पडतात. निधीचं खातं वेगळं. पैसे मुलाच्या हातात नाही, कॉलेजच्या किंवा होस्टेलच्या खात्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये. आणि सणाला नावं वाचायची नाहीत, आकडे वाचायचे: जमा इतकी, मुलं इतकी, शिल्लक इतकी. नावं नाहीत तर विश्वास कसा ठेवायचा, असं कोणी म्हटलं तर यादी पाळकसाहेबांकडे आणि हिशेब तपासनिसाकडे असेल असं सांगा. तुमची मंडळी ज्या ट्रस्टखाली येते त्याचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जायचेच असतात. फोटोमुळे हिशेब चोख होत नाही.

तुमच्या मुलाने करसवलतीचंही विचारलं असेल, पुण्यातली मुलं विचारतात. फक्त ख्रिस्ती मुलांसाठी असलेल्या निधीला ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळत नाही, कारण एका धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरतं काम त्या कलमात बसत नाही. आणि नव्या करपद्धतीत तो असला तर ती वजावट तशीही नाही. गावातल्या दुसऱ्या घरांतल्या मुलांनाही निधी खुला करावा, असं माझं मत आहे, पण ते ८०जीसाठी नव्हे. तो विषय या वर्षी काढू नका. एका वर्षात एवढं पचणार नाही.

भाच्याचा पासपोर्ट कोणता, हे त्याला आजच विचारा. अजून भारतीय असेल तर तिथे राहून आपल्या कमाईतून पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, बँकेतून येऊ द्या आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असूनही तो कायद्याच्या लेखी परदेशी, आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला त्याच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. मावशीच्या खात्यात पाठवतो, तू थैलीत टाक, असं तो म्हणेल. ते अजिबात करू नका. पेन्शनरच्या खात्यात लाख रुपये आले आणि आठवड्यात मंडळीकडे गेले, याचा खुलासा देत बसायचं तुमचं वय नाही. डायसीसकडे (बिशपच्या कार्यालयाकडे) नोंदणी आहे का ते विचारा. असेल तर त्याने त्यांनाच द्यावेत आणि मुलांची फी त्यांनीच भरावी, कारण २०२० नंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही; नसेल तर भाच्याला सांगा की सुट्टीत आल्यावर त्या पोरांना दोन तास कॉम्प्युटर शिकव.

राहिला तो पॉलिटेक्निकचा मुलगा. त्याच्या घरी कमिटी जाऊ नये, तुम्ही एकट्या जा, आणि रविवारी नको. शिष्यवृत्तीचा विषय काढू नका, तो काढेल तर ऐका. कोणत्या ब्रँचला आहे, वर्कशॉपचं सबमिशन झालं का, मेसचं जेवण कसं आहे, एवढं विचारा. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर तुमच्या आताच्या वजाबाकीत ८ हजार उरलेतच.

आणि ७०० रुपयांच्या भोपळ्याचं पुढे काय केलंत, ते पत्रात लिहायचं राहिलं. घारगे केले असतील तर कळवा.